पहिल्या दुधाची शिदोरी



गाय व्यायली की पहिले दोन-तीन दिवस घरात चीक येतो. वासराचं पोट भरलं की उरलेल्या चिकात गूळ-वेलची घालून खरवस होतो. त्याची वाटी शेजारी जाते. ज्यांच्याकडे गाय नाही त्यांच्याकडे तर आवर्जून जाते. हा चीक कुणी टाकून दिला, असं मी तरी कधी ऐकलं नाही. पण त्याच घरातली सून बाळंत झाली, की तिचा चीक पिळून राखेत किंवा मातीत टाकायची पद्धत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या होती. दूध जुनं आहे, नऊ महिने साचलेलं आहे, पिवळं आहे, बाळाला पचणार नाही, असं सांगितलं जायचं. गाईचा पिवळा चीक पौष्टिक आणि बाईचा पिवळा चीक नासका, हा हिशेब कुणी मांडला आणि कधी?

आज बोलायचं आहे ते या पहिल्या दुधाच्या इतिहासाबद्दल, आणि त्या इतिहासातल्या एका नव्या गोष्टीबद्दल. सिझेरियनची तारीख आधीच ठरली असेल, तर बाळ जन्माला येण्याआधीच थोडा चीक हाताने काढून साठवून ठेवता येतो. याचे व्हिडिओ आता सालेकसा-देवरीकडच्या मुलींच्या मोबाईलवरही येतात. बघून कुणी घाबरतात, तर कुणी त्याच संध्याकाळी करायला बसतात. दोन्ही नको. आधी ही गोष्ट कुठून आली ते ऐका.

पहिला चीक न देण्याची चाल केवळ अडाणीपणातून आलेली नाही. ती मोठमोठ्या ग्रंथांतही आहे. सुश्रुतसंहितेत म्हटलं आहे की बाळंतिणीला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, म्हणून तोवर बाळाला मध-तुपाचं चाटण द्यावं. स्तनपान सुरू करतानाही आधी थोडं दूध पिळून काढायला सांगितलं आहे. चरकसंहिता मात्र मध-तूप चाटवल्यावर पहिल्याच दिवशी, आधी उजवा स्तन बाळाच्या तोंडी द्यायला सांगते. म्हणजे आपल्याच दोन थोर ग्रंथांचं यावर एकमत नव्हतं. घराघरांत रूढ झालं ते मात्र तीन दिवस थांबण्याचं मत. मला वाटतं त्याचं कारण साधं आहे. तिसऱ्या दिवशी छाती भरून येते, ते डोळ्यांना दिसतं. पहिल्या दिवशीचे चार थेंब दिसतही नाहीत, आणि जे दिसत नाही ते नाहीच, असं आपण धरून चालतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये नावाजलेला वैद्य सोरानस यानेही सुरुवातीचं आईचं दूध बाळाला जड असतं असं लिहून मध द्यायला सांगितलं. पुढे कितीतरी शतकं युरोपातल्या बायका तेच करत राहिल्या. १७४८ साली विल्यम कॅडोगन या इंग्रज डॉक्टराने एक छोटी पुस्तिका लिहिली आणि बाळाला जन्मानंतर लगेच आईजवळ द्या, ते पहिलं दूधच त्याचं पोट साफ करतं, असं ठासून सांगितलं. जाता जाता त्याने असाही आनंद व्यक्त केला की मुलं जगवण्याच्या कामात आता समजदार पुरुष लक्ष घालू लागले आहेत. त्याचा सल्ला बरोबर होता, पण ऐट पाहा!

आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. त्यांचं स्वतःचं पहिलं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं होतं आणि तेव्हा त्या जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या. डॉक्टर होण्याचा ध्यास त्या दुःखानंतरचा. बाळंतिणीच्या खोलीत काय चालतं हे शास्त्र म्हणून लिहिणारी एक मराठी बाई तेव्हा होती, एवढं आपण लक्षात ठेवू. मायदेशी परतल्यावर वर्षाच्या आतच, १८८७ च्या फेब्रुवारीत, त्या गेल्या. दवाखाना चालवायला त्यांना वेळच मिळाला नाही.

आपल्या भागाबद्दल लिहिलेलं सापडतं ते बहुतेक पुरुषांच्या हातचं. आपला मुलूख तेव्हा मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. रसेल नावाचा इंग्रज अधिकारी आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार जाड खंड छापले. त्यात गोंड, पोवार, कुणबी अशा एकेका समाजाच्या चालीरीती आहेत, जन्माच्या वेळच्याही आहेत. वाचताना एक गोष्ट मात्र विसरू नये. हे दोघे त्या खोलीच्या दाराबाहेर उभे राहून लिहीत होते. आतली माहिती सुईणीजवळ होती आणि तिला कुणी लिहायला शिकवलं नव्हतं.

त्या सुईणीला आज आपण सहज नावं ठेवतो. पण तिच्या काळी बाळ आईच्या कुशीतच असायचं. चीक टाकला जायचा, गूळपाणी पाजलं जायचं, हे वाईटच. तरीही बाळ आणि आई यांच्यात भिंत नव्हती. भिंत आली ती दवाखान्यांबरोबर. विसाव्या शतकात मोठ्या दवाखान्यांतून नवजात बाळांसाठी वेगळी खोली निघाली, बाळांच्या रांगा लागल्या, ठरल्या वेळी बाटली मिळू लागली. जंतूंपासून रक्षण व्हावं हा हेतू चांगला होता. पण बाळाला जंतूंशी लढायला शिकवणारा चीक दुसऱ्या खोलीत बाळंतिणीच्या पदरात भिजून वाया जात होता. चिकात जंतूंना अडवणारी प्रथिनं भरपूर असतात, कोवळ्या आतड्याला त्यांचं अस्तर बसतं. त्याला बाळाचं पहिलं लसीकरण म्हणतात ते काही उगाच नाही.

याविरुद्धची लढाई ज्यांनी लढली त्यांत आपल्या महाराष्ट्राचं नाव पुढे आहे. मुंबईच्या शीव भागातल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्ध पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. ज्यांना दूध जास्त येतं त्या आया ते काढून देतात, मग ते तापवून निर्जंतुक करून, गोठवून ठेवलं जातं आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, आईचं दूध न मिळणाऱ्या बाळांना दिलं जातं. बाईचं दूध काढायचं, मोजायचं, नाव घालून फ्रीजरमध्ये ठेवायचं, ही कल्पना तिथे रोजच्या कामाचा भाग झाली. दोन वर्षांनी, डिसेंबर १९९१ मध्ये, वर्ध्याला स्तनपानाच्या प्रसारासाठी देशभरातल्या डॉक्टरांचं आणि कार्यकर्त्यांचं एक जाळं उभं राहिलं. १९९२ साली संसदेने कायदा करून बाळदुधाच्या डब्यांची जाहिरात बंद केली. त्या डब्यांवर गुटगुटीत बाळांचे फोटो असायचे, ते गेले.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी वेगळाच रस्ता धरला. गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवायचं: बाळाला ऊब द्यायची, ताबडतोब आईचं दूध द्यायचं, धाप आणि जंतुसंसर्ग ओळखायचा. एकोणचाळीस गावांत हे काम झालं आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. १९९९ मध्ये त्याचा अहवाल जगप्रसिद्ध 'लॅन्सेट' साप्ताहिकात आला. आज आपल्या घरी आशाताई वजनाचा काटा घेऊन येते, त्याची मुळं तिथे आहेत.

एवढं सगळं झालं, आणि मग नवं कोडं उभं राहिलं. २००५ पासून जननी सुरक्षा योजनेमुळे बाया दवाखान्यात जाऊ लागल्या. ते चांगलंच झालं, माता दगावणं कमी झालं. पण दवाखान्यात जन्म झाला म्हणजे पहिल्या तासात दूध मिळतंच असं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ४१.६ टक्के बाळांना पहिल्या तासात आईचं दूध मिळत होतं. २०१९-२१ मध्ये तो आकडा ४१.८ होता, म्हणजे तसूभर हलला. त्याच काळात सिझेरियन मात्र १७.२ वरून २१.५ टक्क्यांवर गेलं. महाराष्ट्रात तर चारातलं एक बाळंतपण सिझेरियनने होतं. खासगी दवाखान्यांत हे प्रमाण देशभरात जवळजवळ निम्मं आहे.

सिझेरियनने दूध आटत नाही, हे आधी नीट ऐकून घ्या. दूध उतरण्याचा निरोप शरीराला मिळतो तो वार बाहेर पडल्यावर, आणि वार तर ऑपरेशनमध्येही बाहेर पडतेच. उशीर होतो तो इतर गोष्टींनी. आई ऑपरेशनच्या टेबलावर, बाळ दुसऱ्या खोलीत, हाताला सलाईन, टाके दुखतात, कूस बदलता येत नाही. बाहेर सासू, आत्या, मामा बाळाला घेऊन उभे. बाळ रडतं. मग कुणीतरी मधाचं बोट लावतं किंवा समोरच्या मेडिकलमधून पावडरचा डबा येतो. सुश्रुताच्या काळचं मध-तूप आणि आजचा डबा यांची जागा एकच आहे: आई आणि बाळ यांच्यामधले ते रिकामे तास. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही देऊ नये. त्यातल्या एका जंतूने तान्ह्या बाळाला लुळेपणा येऊ शकतो.

हे रिकामे तास भरायला म्हणून आधी काढलेला चीक पुढे आला. यालाही जुना इतिहास आहे. लंडनमधल्या वुलविच इथे डॉ. हॅरॉल्ड वॉलर हे गरोदर बायांना शेवटच्या महिन्यांत रोज हाताने थोडा चीक काढायला शिकवत. १९४६ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. त्यांचा हेतू साठवण्याचा नव्हता. बाळंतपणानंतर छाती दगडासारखी होऊ नये, बाईचा हात आधीच सरावलेला असावा, एवढंच त्यांना हवं होतं. पुढे ती पद्धत मागे पडली. नंतर मधुमेही मातांच्या निमित्ताने ती परत आली. आईला गरोदरपणात साखर असेल तर जन्मानंतर बाळाची साखर एकदम खाली येऊ शकते, आणि मग पावडरचं दूध द्यावं लागतं. त्याऐवजी आईचाच चीक तयार असला तर? पण स्तनाग्र हाताळल्याने गर्भाशय आवळतं, कळा आल्या तर काय, अशी रास्त भीती होती. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सहा रुग्णालयांतल्या ६३५ मधुमेही मातांवर अभ्यास झाला. निम्म्या जणींना छत्तिसाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त दहा मिनिटं चीक काढायला सांगितलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. या बायांची बाळं अतिदक्षता विभागात जास्त गेली नाहीत, म्हणजे इजा दिसली नाही. पहिल्या चोवीस तासांत फक्त आईचंच दूध मिळालेली बाळं त्यांच्यात थोडी जास्त होती.

आता यातली मेख. त्या अभ्यासात मधुमेह सोडून दुसरा कुठलाही धोका नसलेल्याच बाया घेतल्या होत्या. त्यामुळे ज्यांची वार खाली आहे, अंगावर जात आहे, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला आहे, जुळी आहेत, आधी दिवसांपूर्वीच बाळंत झाल्या आहेत, त्यांनी हे करू नये. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे. त्या भगिनींनी आणि रक्तदाब वाढलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. खरं तर कुणीच विचारल्याशिवाय सुरू करू नये, आणि छत्तीस आठवडे भरण्याआधी तर नाहीच. ठरवून केलेलं सिझेरियन बहुधा एकोणचाळिसाव्या आठवड्याच्या सुमारास असतं. म्हणजे हातात दोन-तीन आठवडे मिळतात, तेवढे पुरतात.

करायचं कसं? हात साबणाने धुवा. कोमट पाण्यात भिजवलेला फडका छातीवर ठेवा, हलकेच चोळा. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, बोंडापासून दोन-अडीच सेंटीमीटर मागे, काळसर भागाच्या कडेला. आधी छातीच्या दिशेने दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, मग सोडायची. कातडीवर बोटं घसरवायची नाहीत आणि बोंड ओढायचं नाही. थेंब येईल तो स्वच्छ चमच्यात घ्या आणि सुई नसलेल्या एक किंवा दोन मिलीच्या नव्या सिरिंजमध्ये ओढा. पंप नको. एवढे घट्ट थेंब पंपाला चिकटूनच संपतात. पोट आवळल्यासारखं वाटलं, पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.

पहिल्या दिवशी काहीच आलं नाही तर घाबरू नका. काहींना बाळंत होईपर्यंत थेंबही येत नाही आणि नंतर भरपूर दूध येतं. आलेल्या थेंबांवरून पुढच्या दुधाचं भाकीत करायचं नाही, आणि सासूबाईंनीही करू नये! बाळाला पहिल्या दिवशी एका वेळेला लागतं ते अर्ध्या चमच्यापासून फार तर दोन चमच्यांपर्यंत. म्हणून तीन-चार सिरिंज भरल्या तरी तो ऐवजच आहे.

साठवण्याचं खरं दुखणं आपल्या उन्हात आहे. काढलेलं दूध बाहेर चार तास ठेवता येतं असं पुस्तकात असतं, पण ते पंचवीस अंशांच्या खोलीत. मे महिन्यातल्या गोंदियाच्या खोलीत नाही. काढलं की सिरिंजला टोपण लावा, त्यावर नाव, तारीख, वेळ लिहा आणि झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीजरमध्ये सहा महिने चालतं. गावात लाईट जाते, म्हणून फ्रीज सारखा उघडू नका. तास-दोन तास तो बंद राहिला तर थंडावा टिकतो. वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. फ्रीजमध्ये वितळवलेलं चोवीस तासांत वापरायचं. उकळायचं नाही. मुठीत धरून किंवा कोमट पाण्यात ठेवून गार जाईल एवढंच करायचं. दवाखान्यात नेताना पोलिओच्या लसीचा असतो तसा बर्फाचा डबा लागतो. अर्जुनी मोरगावहून गोंदियाला यायचं तर रस्त्यातला वेळ धरून बर्फ घ्या.

आणि ज्यांच्या घरी फ्रीज नाही? त्यांनी उसनवारी करून शेजारच्या फ्रीजमध्ये माशांशेजारी सिरिंज ठेवू नयेत. त्यांनी काही गमावलं असंही नाही. वॉलरच्या बायांसारखा त्यांनी हात शिकून ठेवावा, तोही डॉक्टरांना विचारून आणि छत्तिसाव्या आठवड्यानंतरच. ऑपरेशननंतर आई शुद्धीवर असते, कारण बहुतेक वेळा भूल कमरेखालीच दिलेली असते. तेव्हा नर्सच्या मदतीने ताजा चीक वाटीत काढून चमच्याने किंवा आजीच्या बोंडल्याने बाळाला देता येतो. फ्रीजमधल्या चिकापेक्षा तो सरसच.

इथे मला माझं मत सांगायचं आहे. सिरिंज ही शिदोरी आहे, जेवण नव्हे. शिदोरी बरोबर आहे म्हणून घरचं जेवण कुणी बंद करत नाही. सिरिंजमधला चीक तयार आहे म्हणून बाळ चार तास दुसऱ्या खोलीत राहिलं तरी चालेल, असं दवाखान्याला किंवा नातेवाइकांना वाटू लागलं, तर आपण नर्सरीच्या त्याच भिंतीशी परत आलो. टाके घालत असतानाच बाळ आईच्या छातीवर ठेवता येतं. हे महागडं तंत्र नाही. त्याला यंत्र लागत नाही, एक जास्तीची परिचारिका आणि थोडा धीर लागतो. २०१६ पासून चालू असलेल्या सरकारच्या 'माँ' कार्यक्रमातही जन्मानंतर लगेच स्तनपान सुरू करण्यावर भर आहे. तेव्हा हे मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नाही.

म्हणून नवव्या महिन्यातल्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. मी चीक काढू का, आणि कधीपासून? दवाखान्यात तो ठेवायला फ्रीज आहे का आणि त्याची जबाबदारी कोणाकडे? भूल कमरेखाली देणार की पूर्ण? आणि ऑपरेशन चालू असताना बाळ कोणाजवळ असेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरच्यांनाही ऐकवा. बाहेर बाकावर जो कोणी बाळाला घेऊन बसणार आहे, मग ती आई असो, सासू असो की नवरा, त्याला तारखेच्या आदल्या दिवशीच सांगून ठेवा: मध नाही, गूळपाणी नाही, डबा आणायला पळायचं नाही. बाळ रडलं तर उघड्या छातीशी धरून वर कापड घ्यायचं, सिस्टरला हाक मारायची आणि बर्फाच्या डब्यात वरून दुसरी, आजच्या तारखेच्या आधीची सिरिंज काढायला सांगायची.